मूठभर कणीक

हा आजार झालेल्या बाईनं सगळ्यात आधी काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप घालावं आणि किल्ली कमरेला खोचावी. डॉक्टर असं सांगत नाहीत. ते एक छापील कागद देतात. त्यावर एका बाजूला हिरव्या अक्षरांत 'खावे' आणि दुसऱ्या बाजूला लाल अक्षरांत 'खाऊ नये' अशी यादी असते. आपल्या पानात कोण काय घालतं, याबद्दल त्या कागदावर एक ओळही नसते.

मी निपाणीतल्या एका हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क आहे. माहेर बेळगावचं. सासर निपाणीजवळच्या एका खेड्यात, जैन शेतकऱ्याचं घर. घरात नवरा भरतेश, सासरे म्हणजे आप्पा, आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. खाण्यापिण्याला आमच्याकडे कधीच काही कमी नव्हतं. तरी लग्नानंतरच्या आठ वर्षांत माझं वजन अठ्ठेचाळीस किलोवरून छत्तीसवर आलं. लग्नातले ब्लाऊज मी चार वेळा आत घेतले, मग शिवणाऱ्या बाईलाच देऊन टाकले.

त्या आठ वर्षांचा पाढा मी वाचत बसत नाही. पोट सारखं फुगलेलं, तोंडात फोड, केस हातात यायचे, जिना चढले की डोळ्यांपुढं अंधारी. दोनदा दिवस गेले आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. गावातल्या बायका हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना जरा घाई करायच्या. आत्ती म्हणायच्या, "खाल्लेलं तुझ्या अंगी लागत न्हाय, कारण तू मन लावून खात न्हाईस."

म्हणून त्या मला मन लावून खायला घालायच्या. दुसऱ्या खेपेनंतर तर त्यांनी मला गव्हाचं सत्त्व सुरू केलं. तीन दिवस गहू भिजत घालायचे, पाणी बदलायचं, पाट्यावर वाटायचे, गाळायचे, खाली बसलेला पांढरा चीक दुधात शिजवून त्यात तूप सोडायचं. गुडघे दुखत असताना त्या पाट्याशी बसायच्या. रोज सकाळी भरलेली वाटी माझ्यापुढं यायची आणि मी ती संपवेपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत. मी ती संपवायचे, आणि दुपारी ऑफिसच्या संडासात भिंतीला धरून उभी राहायचे.

तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या वाट्यांचा राग मी त्यांच्यावर धरत नाही. माझा राग पुढचा आहे.

*

ज्या दिवशी आजाराला नाव मिळालं, त्या दिवशी बेळगावच्या हॉस्पिटलात सकाळपासून मी उपाशी होते. चार दिवसांपूर्वी ऑफिसात ॲडमिशनची गर्दी चालू असताना मी टेबलावरच कोसळले होते. रक्त तपासून झालं, घशातून दुर्बीण घालून झाली. डॉक्टर माझ्याहून लहान बाई होत्या. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"किती वर्षं चाललंय हे?"

"आठ."

"आणि गव्हाबद्दल कुणीच काही विचारलं नाही?"

मी नाही म्हटलं. हा सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, गहू पोटात गेला की आतडंच खराब होतं, मग खाल्लेलं काहीच अंगी लागत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. औषध नाही. गहू सोडायचा.

भरतेशनं विचारलं, "किती दिवस?"

"कायमचा."

"म्हंजे सणावाराला एखादी पुरणपोळी…"

"चिमूटभरसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चपाती केलेल्या पोळपाटावरची भाकरीसुद्धा नाही."

मी विचारलं, "आणि मूल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्तात एक तपासणी असते, तिचा आकडा उतरायला पाहिजे. वर्षभर कडक पथ्य पाळा, आकडा उतरला की त्यावर बोलू, असं त्या म्हणाल्या. मी पस्तीस पूर्ण केली होती. एक वर्ष म्हणजे माझ्यासाठी काय, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही होतं. भरतेश रिपोर्टची घडी घालत बसला होता.

मला रक्त चढवायला ठेवून घेतलं. पाच दिवस. सकाळी सहाला झाडू, सातला सुई, आठला नाश्ता. पहिल्याच सकाळी हॉस्पिटलच्या किचनमधून माझ्यासाठी ताट आलं आणि त्यात वाफाळतं उप्पीट होतं. रवा म्हणजे गहूच. मी त्या ताटाकडे बघून मोठ्यानं हसले, आणि मग हसता हसता रडले. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, मला वेड लागलं. रात्रपाळी संपवून निघालेली एक सिस्टर आली, तिनं विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का. मी ताटाकडे बोट दाखवलं. तिनं चार्ट वाचला, ताट उचललं, किचनला कन्नडमध्ये चार शब्द सुनावले आणि आपल्या डब्यातला दहीभात माझ्यापुढं ठेवला. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या वर्षात मला न मागता मिळालेला एवढाच एक घास सुरक्षित होता.

सुट्टी मिळाली त्या दिवशी आहारतज्ज्ञांच्या दाराबाहेर रेखा भेटली. बेळगावजवळच्या मच्छ्याची, नवरा तिथल्याच एका कारखान्यात. तिच्या सात वर्षांच्या गौरीला माझाच आजार. आत त्या बाईंनी आम्हा दोघींना एकदमच बसवलं आणि शक्तीसाठी काजू-बदामाच्या पिठाची बिस्किटं करा, पीठ धरून ठेवायला अंडं घाला, असं सांगितलं. मी म्हटलं, आम्ही जैन आहोत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, मग बघा काही तरी. बाहेर आल्यावर रेखा म्हणाली, "ताई, तुम्हाला जमलं की मला सांगा. पोरगी शाळेत दुसऱ्यांच्या डब्यातल्या बिस्किटाकडं बघत बसतीया."

*

घरी आल्यावर मी कागद वाचून दाखवला. आप्पांनी ऐकलं आणि पेपर उघडला. आत्ती म्हणाल्या, "गव्हानं कुणाला काय हुतंय? सात पिढ्या खात आल्यात."

भाकरी आमच्याकडे रोजचीच, त्यामुळं बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, हिला काय अवघड आहे. पण ज्वारी दळायची गिरणीत, आणि गिरणीवाला आधी कुणाचा तरी गहू काढून मग आमची ज्वारी ओततो. म्हणून मी आत्तींना माळ्यावरचं जातं मागितलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवळातली मूर्तीच मागितली. "त्ये महाराजांच्या चौक्याचं जातं हाय. त्यावर तुझं दळण कसं घालू?"

चौका म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. आमच्याकडे मुनिमहाराज गावात आले की श्रावकांच्या घरी त्यांच्या आहाराची तयारी होते. ती तयारी म्हणजे चौका. त्या हिवाळ्यात महाराज विहार करत आमच्या गावात चार दिवस थांबले, आणि आत्तींनी चौका लावला. पहाटे आंघोळ करून शुद्ध कपडे. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं. धान्य दाणा-दाणा निवडलेलं, त्याच सकाळी त्याच जात्यावर दळलेलं. चौक्यात वापरायची भांडी घासून, पुसून वेगळी. मी उंबऱ्याबाहेर, कारण माझा पदर चुकून लागला तर सगळं पुन्हा. महाराज एकदाच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत. घरातले हात जोडून सांगतात, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून ते ओंजळ पुढं करतात. घासात एक केस निघाला तरी ओंजळ सुटते आणि त्या दिवशी ते उपाशी राहतात.

त्या चार दिवसांत एक केस निघाला नाही. आत्तींचा हात तसाच आहे. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून तो बघत होते आणि माझ्या मनात एकच होतं, की ह्या घराला येतं. चिमूटभरसुद्धा चालत नाही म्हणजे काय, हे ह्या घराला कुणी शिकवायची गरज नाही.

*

आता बिस्किटं.

ज्याला हा आजार नाही त्याला बिस्किटाचं एवढं काय, असं वाटेल. आमच्या ऑफिसात अकराला चहा येतो, बशीत बिस्किटं येतात, आणि शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे एकेक उचलतात. मी आठ महिने नुसता चहा प्यायले. प्रवासात, लग्नात, बारशात, माझ्या हातात खायला काहीच नसायचं. पर्समध्ये चार बिस्किटं असती तर मी माणसांत बसले असते.

पहिला प्रयत्न मूर्खपणाचा होता. आमच्या भागात दिवाळीआधी घरचं पीठ, साखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचं आणि भट्टीवर बिस्किटं करून पत्र्याच्या डब्यातून आणायची, अशी पद्धत आहे. मी काजूची कणी दळून, सगळं मळून, झाकण घट्ट लावून नेलं. बेकरीवाल्या अण्णांना चार वेळा समजावलं. त्यांनी माझ्यासाठी पत्रा घासून घेतला, पुसून घेतला, आणि शेवटी बिस्किटं मांडायच्या आधी सवयीनं त्यावर मूठभर मैदा भुरभुरला. "चिकटू न्हाईत म्हणून ओ ताई." मी नुसती बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं. मी तो डबा घरी आणला आणि शेजारी वाटून टाकला.

मग भावानं ओव्हन दिला आणि मी घरीच लागले. आई बेळगावहून काजूची कणी पाठवायची. तिथं काजूच्या कारखान्यांत फुटका तुकडा स्वस्त मिळतो. शाळेच्या एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर मी प्रत्येक खेप लिहून ठेवली. पहिल्या खेपेला मिक्सर फार फिरवला आणि काजूचं लोणी झालं. काजू आधी फ्रीजमध्ये गार करायचा आणि थांबून थांबून फिरवायचा, हे तिसऱ्या खेपेला कळलं. चौथीला सगळी बिस्किटं वितळून ताटभर एकच पापडी झाली. पाचवीला कडा जळाल्या आणि मधे कच्चं. सहावीत थोडं ज्वारीचं पीठ घातलं. माझी ज्वारी मी तोवर निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरमध्येच काढायला लागले होते. सातवीत जवस भिजवून त्याचा चिकट लगदा घातला, म्हणजे अंड्याचं काम तो करील. दिसायला सुंदर झाली. उचलली की भुगा.

आठव्या खेपेला मी ताट ओव्हनमधून काढलं, एक उचललं, ते बोटांतून गळून पडलं, आणि मी ओट्याशी खाली बसून लहान पोरीसारखी रडले. बिस्किटासाठी रडले असं लोकांना सांगायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. आत्ती दारात उभ्या होत्या.  भुगा गोळा करून त्यांनी गाईला नेऊन घातला.

नवव्या खेपेला जमलं.

सकाळी पीठ मळून स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवून मी शाळेला जायचे आणि पाचला येऊन भाजायचे. त्या दिवशी तसंच केलं. बिस्किटं निघाली ती खमंग, कडेला तांबूस, आणि अख्खी. मी एक चहात बुडवलं आणि ते चहात पडलं नाही. मी ओरडलेच. आप्पांनी पेपर खाली ठेवला. भरतेशनं दोन खाल्ली. आत्ती समोर बसून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच मला वाटलं, की आम्ही दोघी एका बाजूला आहोत.

त्याच संध्याकाळी मी रेखाला फोन करून कृती सांगितली. जवसाचं माप तर दोनदा सांगितलं. मला फार अभिमान वाटत होता.

*

त्याआधी सहा महिन्यांच्या तपासणीत आकडा निम्म्याहून खाली आला होता. वजन त्रेचाळीस झालं होतं. बिस्किटं जमल्यावर दोन महिन्यांत पोट पुन्हा फुगायला लागलं. तोंडात फोड आले. मी हिंग बंद केला, कारण हिंगात कणीक असते. टूथपेस्ट बदलली. ऑफिसचा चहा सोडला. जसजसं बरं वाटेना, तसतशी मी बाकीचं सगळं संशयानं सोडत गेले आणि ज्याची खात्री होती त्यावर राहिले. सकाळी चार बिस्किटं, संध्याकाळी चार.

वर्ष पूर्ण झाल्यावरच्या तपासणीत आकडा परत चढला होता. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला. "काही तरी जातंय पोटात. रोज जातंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "खरं सांगा, मी रागावणार नाही."

 परतताना गाडीत, काकती गाव मागं पडल्यावर भरतेश म्हणाला, "ऑफिसात कायतरी खातीस काय?"

"नाही."

"एखाद्या वेळी तोंड सुटतंय माणसाचं. मला सांगितलं तरी चालंल."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. सगळ्यात वाईट हे, की मला स्वतःवरच शंका यायला लागली. मी झोपेत उठून खाते की काय, इथपर्यंत माझी मजल गेली होती. हा आजार असलेल्यांना एवढंच सांगते, की तुमचं शरीर खोटं बोलत नाही. घरातल्या कुणाच्याही आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

मग रेखाचा फोन आला. "ताई, मी अकरा वेळा केली. फुटतातच. तुम्ही कायतरी सांगायचं विसरलाय."

मी चिडले. माप नीट घेत नसशील, असं फणकाऱ्यानं म्हणाले, आणि ते बरं वाटेना म्हणून एका रविवारी बसनं मच्छ्याला गेले. माझा काजू, माझं जवस, माझ्या हातानं मळलं, तिच्या कुकरमध्ये मीठ तापवून भाजलं. गौरी ओट्याला धरून टाचा उंच करून उभी होती. मी पहिलं बिस्कीट उचललं आणि त्याचा तिच्यासमोर भुगा झाला. सगळ्यांचा झाला. गौरीनं तो चमच्यानं खाल्ला आणि छान आहे म्हणाली. पोरीचे गाल वर आले होते. तिच्या आकड्याची चौकशी केली तर तो उतरला होता.

बसमध्ये मी विचार करत बसले. तिच्याकडे मळलं की लगेच भाजलं होतं, आणि माझ्याकडे पीठ दिवसभर फ्रीजमध्ये राहायचं. गार राहिल्यानंच ते धरत असेल, असं मी ठरवून टाकलं. संशय मला त्यावेळीही आला नव्हता, हे इथं मुद्दाम लिहिते. येत्या शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी येऊन निम्मं तेव्हाच भाजून बघू, निम्मं संध्याकाळी, असा माझा बेत होता.

शनिवारी साडेअकराला मी घरात आले तेव्हा माझा स्टीलचा डबा ओट्यावर उघडा होता. शेजारी कणकेचा डबा उघडा होता. आत्तींचा हात मनगटापर्यंत माझ्या पिठात होता.

"आत्ती, काय करताय?"

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "आलीस व्हय लवकर? हात धू, च्या ठेवतो." आमच्याकडे म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मग माझी नजर कुठं आहे ते त्यांच्या लक्षात आलं. "मूठभरच घालतो गं. न्हाईतर फुटत्यात."

"कधीपासनं?"

"तू रडत बसलीस न्हवं खाली, त्येच्या पुढच्या खेपंपासनं. मला बघवंना. येवढं राबतीस आणि हातात भुगा."

"डॉक्टरनी सांगितलंय, चिमूटभर पण न्हाय. मी वाचून दाखवलंय तुम्हाला."

"डाक्टर सांगतंय. मूठभर कणकेनं कोण मरतंय? बघ की, चार म्हयने आवडीनं खातीस. तोंडावर हसू आलंतं तुझ्या."

मी म्हटलं, "महाराजांच्या चौक्यात घातली असती मूठ?"

त्यांचा हात पिठातच थांबला. "त्यो धरम हाय," त्या म्हणाल्या.

"आणि मी?"

 त्यांनी नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि आतल्या खोलीत गेल्या. मी ते पीठ डब्यासकट गोठ्यामागं उकिरड्यावर फेकलं. डबा आजही तिथंच असेल.

*

भरतेश संध्याकाळी आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आईनं मुद्दाम न्हाय केलं."

"मुद्दामच केलं. माझी पाठ वळली की डबा उघडून, मूठ भरून. दर खेपंला."

"तुझ्यावरच्या मायेनंच केलं गं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "आणि तुम्ही? तुम्ही मला गाडीत काय विचारलं होतं?"

तो म्हणाला, आता ते कशाला उकरून काढतीस. त्यानं आजपर्यंत माफी मागितलेली नाही, आणि मीही मागून घेतलेली नाही. मागच्या सोप्यात, म्हणजे पडवीसारख्या खोलीत, मी माझी शेगडी, माझी भांडी, कुलपाचं कपाट असं मांडलं. आठ दिवसांत गावभर झालं, की अमक्याच्या सुनेनं चूल वेगळी केली. देवळाच्या पायरीवर एक बाई मला म्हणाली, "सासू येवढी जीव लावती, आणि तू अशी." मी म्हटलं, जीव लावला म्हणूनच वाचायला वेळ लागला. तिला ते कळलं नसावं.

पथ्याचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झालं. मी आता सदतीस पूर्ण केली आहे. गेल्या महिन्यात आकडा उतरला. डॉक्टर म्हणाल्या, आता प्रयत्न करायला हरकत नाही, पण वयाचाही विचार करायला हवा. त्या 'पण'मध्ये माझं एक वर्ष आहे, आणि ते कुणी चोरलं असं मी म्हणू शकत नाही. ते मला रोज चार-चार करून प्रेमानं खायला घातलं गेलं, आणि मी ते चहात बुडवून खाल्लं.

रेखाला मी सगळं सांगितलं.  मी म्हटलं, तुझी फुटतात ना? मग तुझी बरोबर आहेत, तशीच करत राहा. तुम्हालाही तेच सांगते. अंडं नको असेल तर काजूच्या पिठाची बिस्किटं फुटणार. वाटीत काढा आणि चमच्यानं खा. कुणी तुम्हाला अख्खं बिस्कीट आणून दिलं, तर त्यात काय घातलंय ते आधी विचारा.

आत्ती आणि मी तीन महिने बोललो नाही. मग एका सकाळी जात्याचा आवाज आला. मला वाटलं महाराज आले. बाहेर येऊन पाहिलं तर आत्ती आंघोळ करून, चौक्याची साडी नेसून, ते जातं पुसून त्यावर ज्वारी दळत होत्या. पीठ झालं तेव्हा त्या माझ्या सोप्याच्या उंबऱ्याबाहेर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "काजू दे." आत पाऊल घातलं नाही. मी कपाट उघडून दिला. दुपारी त्यांनी वाटी आणली. आत भुगा होता, वर चमचा ठेवलेला.

"फुटल्यात," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, खाली बघत म्हणाल्या, "शुद्ध हाय."

आता दर रविवारी तसंच होतं. जात्याचा आवाज, ती साडी, ती वाटी. सत्तरीची बाई माझ्या उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि म्हणते, शुद्ध हाय. ते खरं असणार, हे मला कळतं. त्यांचा हात मी चौक्यात पाहिलेला आहे. मी म्हणते, ठेवा तिथं. त्या ठेवतात आणि थोडा वेळ थांबतात.

मी अजून ओंजळ पुढं केलेली नाही. त्या गेल्या की वाटी गाईपुढं नेऊन ठेवते.